नर्सताईंचा हात

निवृत्त झाल्यावर नर्सताईंनी घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. मीठ मोजून पाणी तयार करायचं, समुद्रफूल नावाच्या फुलासारख्या जिवांना आणि कोळंबीला भरवायचं, यात त्या हरवून जात. धाकटा भाऊ चिडवायचा, "ताई, ज्यांना पाठीचा कणासुद्धा नाही, त्यांचे कसले एवढे लाड?"

एका सकाळी कलंडलेला दगड सरळ करायला त्यांनी पाण्यात हात घातला. समुद्रात माशांचं अंग साफ करणारी ती लाल कोळंबी पांढऱ्या मिशा हलवत आली, बोटावर चढली आणि चिमुकल्या नांग्यांनी नखांच्या कडा साफ करू लागली. नर्सताई श्वास रोखून उभ्या राहिल्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे हात जपले होते. त्यांचा हात असा कोणी जपल्याचं त्यांना आठवेना.

"ताई, काय झालं?" भावाने विचारलं.

"हळू बोल. माझी शुश्रूषा चाललीय."

भावाने त्यांच्यामागे खुर्ची सरकवली आणि तोही पाहत राहिला.