दुसऱ्या बाजूनेही

धुळ्यात माझी छोटी डर्ट बाईक वाळवंटातल्या रॅलीसाठी तयार करणारे मेकॅनिक भाऊ टाकीला कान लावून इंजिन ऐकत. मला मात्र ‘हं’ एवढंच उत्तर मिळे.

राजस्थानला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पांझरेच्या कोरड्या पात्रात नेलं आणि उभी गाडी ढकलून पाडली.

“उचल. तठे कोन येई तुले मदत कराले?”

धापा टाकत मी ती उभी केली. शाबासकीची वाट बघत होते, तर त्यांनी ती दुसऱ्या बाजूने पाडली.

“वाळवंट काय एकच बाजूले पाडस का?”

रागाने डोळे भरून आले. तरी सीटला पाठ लावून, पायांच्या जोरावर मी गाडी पुन्हा उभी केली.

भाऊ वाळूत मटकन बसले.

“आते मी निवांत जेवसू.”

गेले काही दिवस त्यांचा डबा न उघडताच घरी जात होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.