जंतूताईंच्या निवळ बाटल्या

घरात कुणाचं अंग गरम लागलं की आपण विचारतो, ताप उतरला का? जंतूताई उलटं विचारायच्या. सकाळी प्रयोगशाळेत शिरल्या की पर्स खांद्यावरच, आधी त्या गरम कपाटाच्या दाराला उलटा हात लावायचा आणि मग माझ्याकडे वळून, "ताप आहे ना रे वसंता?" कपाटात पासष्ट अंशांची उष्णता, तिच्यात रबरी बुचांच्या बाटल्या आणि बाटल्यांत त्यांचे जंतू. भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत हिंदी बोलणारी मंडळी त्यांना 'कीडेवाली मॅडम' म्हणायची, आम्ही मराठी लोक जंतूताई. दोन्ही नावं त्यांना माहीत होती आणि कशाचाच राग नव्हता.

मी तिथला स्टोअरकीपर. काचसामान, रसायनं, झाडू, बल्ब देणं हे माझं काम, म्हणजे खरं तर न देणं. साताऱ्याहून आलेला तिरसट माणूस मी, सहीशिवाय टाचणी सोडली नाही कधी. ताई मागायच्या फक्त बाटल्या. त्या त्यांना जन्मात पुरल्या नाहीत. मी म्हणायचो, "ताई, मागच्या महिन्यातल्या कुठे गेल्या?" त्या म्हणायच्या, "कुठे जातील? भरल्यात. माझ्याकडे कुणी मरत नाही, त्याला मी काय करू?" मग मी कुरकुरत दोन द्यायचो, सहाची मागणी असायची.

आमच्या कारखान्यात तेलविहिरींच्या तोंडावर बसवायच्या झडपा बनायच्या. त्या आतून कुजतात का आणि कशाने, हे बघायला ती पत्र्याच्या शेडमधली प्रयोगशाळा. लांबच्या तेलक्षेत्रांतून पोलादी नळकांड्यांत जमिनीच्या खोल पोटातलं पाणी यायचं. मी एकदा विचारलं, जिथे दगडसुद्धा चटका देतो तिथे राहणार कोण? ताई म्हणाल्या, "दोन बिऱ्हाडं राहतात, एका चुलीवर. एक खातं आणि सगळं काळं करतं. सडक्या अंड्याचा वास सोडतं, लोखंड कुजवतं, आणि तो वायू वर आला तर विहिरीच्या तोंडाशी उभा माणूस जागच्या जागी आडवा. दुसरं बिऱ्हाड गरीब. त्याला नायट्रेट घातलं की ते आधी पानावर बसतं आणि पहिल्याला उपाशी ठेवतं. मागे काय सोडतं, तर नायट्रोजन. आपण आत्ता श्वासात घेतोय तोच." मी म्हटलं, "म्हणजे खरकटंसुद्धा नाही?" त्या म्हणाल्या, "म्हणून तर बिचारं कुणाला दिसत नाही. वसंता, बाटली बघताना लक्षात ठेव. काळी ती वैऱ्याची, निवळ ती घरची."

लक्षात ठेवलं की. माझ्या अंगात नकला करायची खोड होती आणि गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी मी जंतूताई करायचो. बायकोचा चष्मा, खांद्याला पर्स, मानेला तो झटका, आणि 'काळी ती वैऱ्याची, निवळ ती घरची'. लोक हसून लोळायचे. ताई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत हसायच्या. एकदा म्हणाल्या, "आवाज हुबेहूब उतरलाय रे. पोटात किती उतरलंय ते देव जाणे." हा टोमणा मी शाबासकी म्हणून घेतला. बुद्धीच तेवढी.

काळ्या बाटल्यांचा वास वसाहतीपर्यंत जायचा. या शहरात वायुगळतीच्या त्या एका रात्रीनंतर वास आला की लोक हातातलं टाकून खिडक्या लावतात. तक्रार आली की ताई स्वतः त्या घरी जायच्या, बाहेर चप्पल काढून समजावून यायच्या. त्या रात्रीनंतरच्या सकाळी ताई इथेच होत्या. काय पाहिलं ते कधी बोलल्या नाहीत. एकदाच जवाहर चौकात माझ्या मुलांसाठी जिलबी बांधून घेताना म्हणाल्या, "वायूने माणूस मरू नये रे. मला एवढंच करायचंय." त्यांना लग्न, घर, गाव काही नव्हतं म्हणून त्या जंतूंत रमल्या असं वसाहतीतल्या बायका म्हणायच्या. मीही म्हणायचो. तोंडाला काय लागतं.

बरीच वर्षं झिजून त्यांनी एका विहिरीच्या पाण्यातून नायट्रेट खाणारे जंतू वेगळे काढले. त्या उष्णतेतही ते काळं करणाऱ्या पहिल्या बिऱ्हाडाला जेवू देत नव्हते. दर काही आठवड्यांनी सुईने एका बाटलीतून दुसरीत, हवेचा थेंब लागू न देता. आपली हवा त्यांना विष. ज्या विहिरीतून ते आले ती नंतर सिमेंट भरून कायमची बुजवली, म्हणजे आता जे काय होते ते त्या कपाटात. आणि ताईंची निवृत्ती वर्षावर आलेली असताना एका तेलक्षेत्राचं पत्र आलं: जंतू पाठवा, एका विहिरीत सोडून बघतो. त्या दिवशी ताईंनी स्टोअरमध्ये येऊन मला पेढा दिला आणि काहीच मागितलं नाही.

त्याच महिन्यात अमरावतीला त्यांची बहीण वारली. जाताना म्हणाल्या, "आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. ताप उतरू देऊ नकोस." मी म्हटलं, "निर्धास्त जा ताई." पाचव्या दिवशी वरून हुकूम आला. शेड पाडायची, उद्या दुपारी वीज तोडणार, सामान मुख्य इमारतीतल्या खोलीत हलवा. सरकारी कारखाने आटपायचे दिवस होते ते. मी साहेबाशी भांडलो, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. दोन दिवसांची मुदत मागितली. साहेब म्हणाला, "अरे भाई, बोतलें ही तो हैं."

त्या खोलीतलं कपाट लहान, चाळीसच बाटल्या मावणार. मजुरांनी सगळ्या बाटल्या टोपल्यांत एकत्र घालून शेडच्या दाराशी आणून ठेवल्या होत्या. त्या उष्णतेत चिकटपट्टी टिकत नसे, म्हणून ताई कप्प्यातल्या जागेवरून बाटली ओळखायच्या, आणि आता जागाच राहिली नव्हती. मी बघितलं. काही बाटल्या काळ्याकुट्ट, बुचापाशी वास मारणाऱ्या. हे जिवंत, हे तर आंधळ्यालाही कळेल. बाकीच्यांत ताकाच्या निवळीसारखं पाणी. जंतूंचं खाणं म्हणून ताई असलं पाणी आधीच भरून ठेवायच्या, ते मी पाहिलेलं होतं. मी चाळीस काळ्या निवडल्या, घरची रजई गुंडाळून हातगाडीवर नेल्या आणि नव्या कपाटात लावल्या. निवळ पाणी ओतून दिलं. आणि मग वाटलं, बाईला बाटल्या पुरत नाहीत, बहीण गेलीय, तेवढाच आनंद. सोडा घालून, ब्रश फिरवून, उकळत्या पाण्याने एकेक बाटली धुतली आणि पांढऱ्या फडक्यावर पालथी घातली. न मागता कुणाला काही देण्याची माझी ती पहिलीच वेळ.

ताई स्टेशनवरून थेट आल्या, हातात पिशवी तशीच. मी शेड पाडल्याचं सांगितलं, भांडल्याचं सांगितलं, रजईचं सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं, वरच्या कप्प्यापासून खालपर्यंत बघितलं. "बाकीच्या?" मी ऐटीत खिडकीखालची रांग दाखवली. त्यांनी एक बाटली उचलली, उजेडात धरली, फिरवली. मग ती परत पालथी ठेवली आणि म्हणाल्या, "छान धुतल्यास."

त्या स्टुलावर बसल्या तेव्हा मला माझाच नकलेतला आवाज ऐकू आला. वर्षानुवर्षं टाळ्या घेतलेलं ते वाक्य, निवळ ती घरची. मी म्हटलं, ताई, मी गाढव आहे, मला मारा. त्या म्हणाल्या, "मारून काय होणार आहे वसंता. पाणी आण." मी पाणी आणलं. त्यांनी ते प्यायलं नाही, तांब्या मांडीवर धरून बसल्या.

तेलक्षेत्राला कळवायला मी हिंदीत मसुदा केला. चूक माझी, खाली माझं नाव. ताईंनी माझ्या नावावर काट मारून स्वतःचं लिहिलं आणि सही केली. मी हात धरला तर म्हणाल्या, "तुला अजून वीस वर्षं नोकरी करायचीय. मुलं लहान आहेत." त्या सहीवरून त्यांना मेमो मिळाला, चौकशी बसली, आणि जंतूच नाहीत तर प्रयोगशाळा कशाला, म्हणून ती बंद करायचं ठरलं. मी चौकशीत तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं. पुढची वीस वर्षं मी त्या गप्प बसण्याचा पगार घेतला, दुसरं काय म्हणू? त्या तेलक्षेत्रात पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. छातीच झाली नाही.

उरलेले महिने ताई रोज येत राहिल्या. त्या काळ्या बाटल्यांना वेळच्या वेळी खाणं घालायच्या, सुईने, हवा न लावता. मला बघवेना. एक दिवस म्हटलं, "ताई, वैऱ्याला कशाला पोसताय?" त्या म्हणाल्या, "जिवंत आहेत ना." नकला मी केव्हाच सोडल्या होत्या. त्या वर्षी गणपतीत मंडळवाल्यांनी आग्रह केला तर मी त्यांच्यावर खेकसलो, आणि पहिल्या रांगेत ताईही नव्हत्या.

शेवटच्या दिवशी निरोपाचा नारळ, शाल, साहेबांचं भाषण सगळं झालं. ताईंनी मला खोलीत बोलावलं, कपाटाचं बटण बंद केलं आणि खिडक्या उघडल्या. "या पण तूच ओत," त्या म्हणाल्या. "तुझा हात बसलाय." आवाजात टोमणा नव्हता, असता तर मला सोसलं असतं. मी एकेक बूच काढत मोरीत ओतत गेलो. वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणजे सुरुवातीला तरी वासानेच. ताई शेवटच्या बाटलीपर्यंत शेजारी उभ्या होत्या. ती रिकामी झाली, मी सवयीने ब्रश घेतला, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि म्हणाल्या, "राहू दे रे. आता कुणाला लागणार आहेत?"