दिराच्या गाडीचा निळा धूर

माझ्या सख्ख्या दिराने मला फसवलं. गाडी सांगून धूर काढायचं यंत्र विकलं. आठवडाभर मी हे मुलुंडमध्ये ज्याला ऐकायचं होतं त्याला सांगत होते, आणि ज्याला ऐकायचं नव्हतं त्याला तर दोनदा.

मला फसवणं किती अवघड आहे, ते आधी सांगते. बावीस वर्षांपूर्वी मी घरातल्या दोन शेगड्यांवर चकल्या तळायला सुरुवात केली. आज माझ्याकडे नऊ बायका कामाला आहेत आणि पवईच्या तीन ऑफिसांत रोज संध्याकाळी माझेच बटाटेवडे जातात. धंद्याचं कुठलंही सामान मी सांगितलेल्या भावाला घेतलेलं नाही. बेसनवाला मला लांबून येताना पाहिलं की आधी पाणी पिऊन घेतो. आणि तेल? तळणाच्या धंद्यात तेलावर डोळा ठेवला नाही तर धंदा वर्षभरात बसतो. माझ्या घरातलं तेल डब्यातून कढईत आणि कढईतून वड्यात जातं. मध्ये कुठे जात नाही.

अशा बाईला प्रसादने फसवलं. प्रसाद हा माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नववीत होता. त्याचे शाळेचे डबे मी भरलेत, म्हणून तो एवढा मोठा साहेब होऊन कांदिवलीला राहायला गेला तरी मी त्याला अरेतुरे करते. त्याच्याकडे सात माणसांची डिझेल गाडी होती, टर्बोवाली. त्याने विजेवरची नवी घेतली आणि जुनी विकायला काढली.

मला स्वतःची गाडी हवी होती. किती हवी होती, ते आमच्या टेम्पोवाल्याला माहीत. मोठी ऑर्डर असली की नेमका त्याचा फोन बंद. दोनशे वडे मांडीवर घेऊन मी रिक्षातून पवईला गेलेली आहे. चाळिशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकले ती याच एका कारणासाठी.

तीन रविवार आम्ही घासाघीस केली. किंमत खाली आणून झाल्यावर मी सीटकव्हरं मागितली. मग टपावरचं कॅरिअर. मग नवी स्टेपनी.

"वहिनी, आता अंगावरचे कपडे देऊ का काढून?" प्रसाद म्हणाला.

"ते राहू दे. तुझ्या मापाचं आमच्याकडे कोणी नाही."

जाताना तो एवढंच म्हणाला, "ऑइल बदलायला आलंय गं. तेवढं करून घे."

मी लगेच करून घेतलं. ऑइलचा पाच लिटरचा डबा मी स्वतः घासून भाव करून आणला आणि मिस्त्रीच्या डोक्यावर उभी राहिले. त्याने चार लिटर ओतलं आणि डबा बाजूला सरकवला. (हा सरकवण्याचा प्रकार मी ओळखते. आमच्याकडे आचारी असाच सरकवतात.) मी डबा उचलला आणि घरी आणला. पण घरी पाहते तर तो तळणाच्या डब्यांशेजारी जाऊन बसलेला. उद्या कोणी घाईत यातच वडे सोडले तर? मी ह्यांना म्हटलं, "गाडीचं तेल गाडीत ओतून या बघू." हे गेले आणि पाच मिनिटांत रिकामा डबा घेऊन आले. तो डबा मी भंगारवाल्याला विकला.

पुढचे चार दिवस मी राणीसारखी फिरले.

पाचव्या दिवशी वडे घेऊन पवईला निघाले. चढावर गाडीला जरा जोर दिला, तर आरशातला मागचा रस्ता नाहीसा झाला. बस नाही, रिक्षा नाही, पवई नाही. नुसता निळसर धूर. मी हबकून गाडी बाजूला घेतली. धुरातून एक रिक्षावाला खोकत बाहेर आला आणि माझ्या खिडकीशी थांबला.

"मॅडम, आमच्या गल्लीत पण या ना. डास लई झालेत."

संध्याकाळी सोसायटीत शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या बायकांनी धडाधड खिडक्या लावल्या. त्यांनाही वाटलं, फवारणी आली. एकीने तर तुळशीचं रोप आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ताटाएवढा तेलाचा डाग. सेक्रेटरीने जिन्यात कागद लावला की "काही सभासद" पार्किंगमध्ये तेल सांडत आहेत. काही सभासद! अख्ख्या सोसायटीत मी एकटीच सांडत होते.

मी हातावर हात ठेवून बसणारी नाही. गाडीखाली चकल्यांचे दोन मोठे ट्रे सरकवले आणि तेल कुठून गळतंय याची नोंद सुरू केली. पुढच्या ट्रेमध्ये बारा थेंब, मागच्यात तीन. मोबाइलवर वाचलं की धुराच्या रंगावरून दुखणं कळतं. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही, पांढरा असेल तर पाणी आत जातंय, निळा असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. मी आत बसून इंजिन रेटलं आणि ह्यांना मागे उभं केलं.

"कुठला रंग?"

"तुझ्या त्या साडीसारखा."

"कुठल्या?"

"दीपाच्या लग्नातल्या."

"ती जांभळी होती."

"मग तसा नाही."

छत्तीस साड्या झाल्यावर आम्ही निळ्यावर आलो.

एवढ्यात वरून हाक आली. पहिल्या मजल्यावर सामंतकाका राहतात. आयुष्यभर जहाजांच्या इंजिनांवर काम केलेले. गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत, सगळे सल्ले गॅलरीतून देतात.

"आधी ऑइल बघितलंस का गं?"

"पुरेपूर आहे, काका. माझ्यासमोर भरलंय. वर एक लिटर घरूनही घातलंय, तिथे कमी नाही."

काकांच्या कानातलं यंत्र बहुतेक घरात राहिलं होतं. त्यांना फक्त "कमी नाही" ऐकू गेलं.

"मग टर्बो गेला," त्यांनी गॅलरीतून निकाल दिला. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि त्याच्या दांड्याला तेल लागतं. दांडा खिळखिळा झाला, त्याचं सील गेलं, की तेच तेल इंजिनात शिरतं आणि जळतं. "मोठा खर्च आहे. विकणाऱ्याला माहीत असणारच."

विकणाऱ्याला माहीत असणारच! माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याला मी भेंडी आवडत नाही म्हणून दुसरी भाजी करून घातली, त्याने मला गेलेला टर्बो विकला? मी तिथूनच फोन लावला.

"प्रसाद, सीटकव्हरं दिलीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. एवढ्या सहज कोणी देत नाही."

"सहज? वहिनी, तीन रविवार गेले माझे. काय झालंय?"

"तुझा टर्बो गेलाय."

"माझ्याकडे सहा वर्षांत थेंब गळला नाही गं. धूर तर कधीच नाही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"रविवारी ये. गाडी घेऊन जा."

ह्यांनी मध्ये बोलायचा प्रयत्न केला. "अगं, आधी एखाद्या मिस्त्रीला दाखवू या का?" मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते चहा ठेवायला गेले.

रविवारी प्रसाद आला. सोबत त्याचा नेहमीचा डिसोझा मिस्त्री. मी कागद तयार ठेवला होता. प्रसादने गाडी आजच्या आज परत घ्यावी, पूर्ण पैसे द्यावेत, आणि पुढे काहीही झालं तरी ही गाडी पुन्हा आमच्या दारात आणू नये. शेवटची ओळ मुद्दाम घातली होती. मी माणसं ओळखते. चार दिवसांनी रडत आला असता, की वहिनी, अर्ध्या किमतीत तरी घे.

"आधी बघू तर दे काय झालंय," प्रसाद म्हणाला.

"आधी सही. मिस्त्रीने बॉनेट उघडलं की हजार कारणं बाहेर येतात."

"वहिनी, घरातल्या घरात कागद?"

"घरातल्या घरात धूर चालतो का?"

त्याने सही केली. चेहरा एवढासा झाला होता. मी केली. सामंतकाकांसाठी कागद दोरी लावलेल्या पिशवीतून वर गेला आणि साक्षीदाराची सही घेऊन खाली आला. प्रसादने तिथेच मोबाइलवरून पैसे परत पाठवले. माझ्या छातीत एकदम थंडावा आला. फसवणूक झाली होती, पण मी ती परत केली होती.

मग डिसोझाने बॉनेट उघडलं. टर्बोकडे बघितलंही नाही. तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, परत घातली, परत काढली. उजेडात धरली. खूण खाली राहिली होती आणि तेल तिच्यावर दोन बोटं चढलं होतं.

"हे कोणी भरलं?"

"मी," हे हळूच म्हणाले. "पण हिने सांगितलं म्हणून."

"या इंजिनाला चार लिटर लागतं, साहेब. वर आणखी एक ओतलं की ते जाणार कुठे? आत दाब वाढतो, टर्बोतून तेल परत यायला वाट राहत नाही. मग धुरातून निघतं, सांध्यांतून निघतं, मिळेल तिथून निघतं."

"आणि टर्बो?" मी विचारलं.

डिसोझाने एक पाइप काढला, आत बोट घालून दांडा हलवून पाहिला. हलला नाही. "टर्बो झकास आहे."

मी माझंच पातेलं आणून दिलं. गाडीखालून जादा तेल त्यात आलं. इंजिन सुरू केलं, तसा पुन्हा निळा धूर निघाला. "बघा," मी म्हटलं. जीव भांड्यात पडला. पण डिसोझा म्हणाला, आत साचलेलं जळून जाऊ द्या. तो आणि प्रसाद हायवेवर चक्कर मारून अर्ध्या तासाने आले. मागे काही नाही. तळमजल्याच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. सगळ्यांना दिसलं.

प्रसाद खाली उतरला. तो मुळात चांगला मुलगा आहे, डबे मीच भरलेत.

"वहिनी, फाड तो कागद. गाडी तुझीच. ठरली होती त्याच किमतीत ठेव."

एवढंच म्हणायचं होतं, "बरं." दोन अक्षरं. बारा पावलांवर गाडी उभी होती, माझी गाडी. आणि माझं तोंड उघडलं.

"त्याच किमतीत कशी? आता ती धूर काढलेली गाडी आहे. सगळ्या सोसायटीने पाहिलंय."

वरून सामंतकाकांनी "काय म्हणाली?" असं विचारलं. प्रसादने कागदाची नीट घडी केली, खिशात घातली, गाडीत बसला आणि गेला. गेटपर्यंत मी बघत होते. धुराची रेघसुद्धा नाही.

परवा मी पुन्हा रिक्षातून पवईला गेले. वडे मांडीवर, हे शेजारी. वाटेत मी खूप विचार केला. दिराला मी माफ केलंय. मिस्त्रीचा दोष नाही. सामंतकाकांचं वय झालंय. पण ह्यांना मी सोडणार नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझं सांगितलेलं एकही काम पहिल्या सांगण्यात केलेलं नाही. गॅलरीतला बल्ब दिवाळीपासून बदलायचा आहे. मग नेमकं त्या तेलाच्या दिवशी, पाच मिनिटांत, एका शब्दात ह्यांनी माझं कशाला ऐकलं? याचं उत्तर मला लेखी पाहिजे.