ह्यांचा बुरूज उभा आहे

मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. मी बोलते, फोन टाइप करतो आणि नात सना चुका काढते. ती म्हणाली, "दादी, टेल देम बुरुजाकडे कसं जायचं." तर ऐका.

लेकाकडे, अबुधाबीच्या खलिफा सिटीत जायला हर्णैहून निघाले, तेव्हाच ह्यांनी बजावलं होतं, "रास अल खैमाला जा. माझा बुरूज उभा आहे का बघ." ह्यांचे गुडघे गेले, नाहीतर स्वतःच आले असते.

बुरूज काही ह्यांच्या बापाचा नव्हे! तरुणपणी हे तिथे लाँचवर होते. पत्र लिहायचा ह्यांना कंटाळा, वाचायचे मला कष्ट, म्हणून कॅसेट भरून पाठवायचे. खोलीत माणसांची दाटी, त्यामुळे जुम्म्याला टेपरेकॉर्डर घेऊन एका जुन्या बुरुजाच्या सावलीत बसायचे. पण इकडे कॅसेट लागली की सासूबाई, दीर, नणंदा, शेजारीपाजारी सगळे गोळा! त्यात नवरा बायकोशी काय बोलणार? सगळ्यांना सलाम, आंब्याची चौकशी, खलास. शेवटी मात्र बराच वेळ नुसता वारा आणि कबुतरं. सासूबाई म्हणायच्या, "येवढी टेप फुकट घालवली!" पहिल्या सुट्टीत आले तेव्हा हे माझ्या कानात म्हणाले, "तेवढी तुझी."

शनिवारी सकाळी गाडी काढली. हिवाळ्यातच जा बरं, उन्हाळ्यात पापड होईल. रस्ता सरळसोट, दोनेक तासांचा. डब्यात मी सांदणं घेतली होती. वाटेत पंपावर करक चहा घेतला, दोन दिरहमला.

"म्हणजे पन्नास रुपये!" मी ओरडले.

"अम्मी, इथे असा हिशोब केलास तर उपाशी मरशील," लेक इरफान म्हणाला.

मॅपवर पहिला दिसला त्या बुरुजापाशी त्याने गाडी लावली. गुळगुळीत भिंत, खाली फुलझाडं, वर दिवे. "हाच. यल्ला, फोटो काढू!"

मी भिंतीवरून हात फिरवला. "हा नव्हे."

"बुरूज तो बुरूज. अब्बांना फोटोत काय कळणार?"

"ह्याला शिंपले कुठायत? हे म्हणायचे, पाठ टेकली की टोचतात."

इरफानने कपाळावर हात मारला. सना मात्र उतरून समोरच्या टॅक्सीवाल्याला विचारून आली. तो म्हणाला, समुद्राच्या दगडाची जुनी घरं अल जझीरा अल हमराला आहेत, तिथे जा.

गेलो. सगळं गावच रिकामं. छप्पर नसलेली घरं, दारांतून नुसतं आभाळ. पायांत चपला नकोत, बूट घाला, वाळूत दगड फार. आम्हाला तिकीट कुणी मागितलं नाही. भिंतींमागून बुरूज दिसला आणि मी इरफानचा हात सोडून सुटले.

"अम्मी, हळू!"

जवळ जाऊन पाहिलं तर भिंतीत शिंपलेच शिंपले. मी सावलीत बसले, पाठ टेकली. टोचलं!

"दादी, आर यू क्राइंग?"

"हसतेय गं बाई."

वर कबुतरं घुमत होती. ह्यांचा तो तरुण आवाज कानाशी आला. तेव्हा मी चुलीपाशी बसून हा बुरूज डोळ्यांपुढे आणायचे. आता मी इथे आणि हे तिकडे. आम्ही दोघं मिळून इथे कधी बसणार नाही, एवढं तेव्हा कळलं.

मग सनाकडून व्हॉइस मेसेज चालू करून घेतला. "उभा आहे हो तुमचा बुरूज," म्हटलं. सगळ्यांना सलाम सांगितला, गुडघ्याला तेल लावा म्हटलं. मग गप्प बसले. इरफान काही बोलायला आला तर त्याला हातानेच थांबवलं.

हर्णैला परत आल्यावर धाकटी सून नसीमा सांगत होती, "अम्मी, मेसेज लावला तेव्हा सगळं घर जमलेलं. तुमचं बोलणं संपलं म्हणून मी बंद करायला गेले, तर अब्बांनी हात धरला. म्हणाले, राहू दे, तेवढं माझं आहे."

आता दुपारी घरात आम्ही दोघंच असतो, हवं ते बोलता येतं. तरी हे तो मेसेज लावतात, आणि माझं बोलणं संपलं की आवाज वाढवतात.