कपाशीचं औषध

राजुरा तालुक्यातल्या एकाही कुत्र्याला माझ्या मोठ्या मामांपासून आपला आजार लपवता आलेला नाही. माणसांना जमतं. मामीने गुडघ्याचं दुखणं तीन वर्षं लपवलं आणि मामांना ते चौथ्या वर्षी शेजारणीकडून कळलं. पण कुत्र्यांची तशी हिंमत होत नाही.

मोठे मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. आमच्याच गावात, विहाराच्या मागच्या गल्लीत राहतात. जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर सुई टोचत असताना बैलाचं तोंड धरणं, यातच त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाले तोवर गावातले बैल जाऊन ट्रॅक्टर आले होते. हात मोकळे ठेववेनात म्हणून मामा कुत्र्यांकडे वळले. कोणाच्याही घरी गेले की आधी ओसरीवरच्या कुत्र्याजवळ उकिडवे बसतात. त्याचा ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबतात आणि पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघतात. मग मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच बसली नाही तर अंगातलं पाणी कमी झालं, असं त्यांचं शास्त्र. शेवटी कानाचा वास घेतात. एवढं झाल्यावर उठून, हात धुऊन, घरच्या माणसांना जयभीम करतात. तोवर चहा निवलेला असतो. तो तसाच पितात.

माझ्यासाठी आलेलं पहिलं स्थळ त्यांनीच मोडलं. मुलगा बल्लारपूरला नोकरीला, घर पक्कं, माणसं बोलायला गोड. आईबाबा आत बोलणी करत होते आणि मामा अंगणात त्यांच्या कुत्र्याच्या कानात डोकावत होते. कान आतून सडला होता. कुत्रा मान झटकून झटकून थकला होता आणि घरातल्या एकालाही त्याची खबर नव्हती. परतताना गाडीत मामा एवढंच बोलले, "कुत्र्याचं दुखणं ज्याईले दारात दिसत नाई, त्याईले पोरीचं घरात काय दिसन?" बाबा रागावले. मी मात्र तेव्हापासून मामांची कार्यकर्ती झाले.

लोक त्यांना डॉक्टर म्हणतात आणि ते प्रत्येक वेळी थांबून दुरुस्ती करतात. "मी डॉक्टर नाई. मी जनावर धरून ठेवणारा माणूस आहो." सुई ते कधी टोचत नाहीत. कोणतं दुखणं घरी निभेल आणि कोणतं आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं, एवढंच सांगतात. त्यातलं दुसरं ऐकायला कोणी तयार नसतं. आमच्याकडे कुत्र्याचं पोट फुगलं की अजूनही विळा तापवून डाग देतात. एकदा एका शेतकऱ्याने असा विळा चुलीतून काढला, तर मामांनी शर्टाची बाही वर करून आपला हात पुढे केला. "पह्यले इथी लाव, भाऊ. मले आराम वाटला तं त्याले लावू." विळा चुलीजवळच थंड झाला.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबांच्या चळवळीतली पत्रकं घरात गठ्ठ्यांनी पडलेली असायची आणि बाराखडी मी त्यांच्या मथळ्यांवरूनच गिरवली. साहजिकच मामांचं ज्ञान मी पत्रकात आणलं. हिरड्या फिक्या, अंगात ताप, लघवी गडद, तर गोचिडाचा ताप समजा आणि दवाखाना गाठा. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले तर संध्याकाळची वाट पाहू नका. उन्हाने धापा टाकत असेल तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता. जखमेत किडे पडले तर फिनाईल ओतू नका. शेवटी अज्ञानाविरुद्ध एक सणसणीत परिच्छेद मी माझ्या मनाने जोडला. मामांनी पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, शेवटचं काढलं तरी चालते. मी काढलं नाही.

आमची लाली तांबूस रंगाची, गावठी, रानात हिंडणारी. पावसाळा संपताना ती गवतातून यायची तेव्हा कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीडच गोचीड. मामांनी डॉक्टरांना विचारून औषधाचं नाव लिहून दिलं होतं. ते राजुऱ्याहून आणायचं होतं. माझ्याकडे तेवढा दम नव्हता. शेतावरच्या खोपडीत कपाशीवर फवारायची बाटली होती. मी अडाण्यासारखं केलं नाही, त्यावरचा कागद नीट वाचला. रस शोषणाऱ्या किडींवर प्रभावी, असं लिहिलं होतं. गोचीड तरी दुसरं काय करतो? मला ते शास्त्रीय वाटलं. पाण्यात मिसळून फडक्याने लालीचं सारं अंग पुसलं. ती शेपटी हलवत उभी राहिली. तिला वाटलं, लाड चाललेत.

दुपारच्या आत तिच्या तोंडातून लाळेची तार लागली. मागचे पाय लटपटायला लागले, अंगाची कातडी आपोआप थरथरायला लागली. मी मामांना बोलावून आणलं. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"काय लावलं?"

मी बाटली दाखवली.

"कागद वाचला होता?"

"हो."

"कोणाचं औषध आहे, लिवलं हाये?"

"कपाशीचं."

"मंग?"

हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून त्यांनी तिला भांडी घासायच्या साबणाने धुतलं, पुन्हा धुतलं, तिसऱ्यांदा धुतलं. आई ताक घेऊन आली तर तिला थांबवलं. गिळता येत नसलेल्या जनावराच्या तोंडात काही ओतलं की ते फुफ्फुसात जातं. बाटली त्यांनी खिशात घातली, कारण कोणतं विष ते डॉक्टरांना कळायला हवं. लालीला टॉवेलात गुंडाळून ते माझ्या गाडीवर मागे बसले. आमच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्याला पाटी आहे, कुलूप आहे, डॉक्टर नाही. त्यावर मी तीन निवेदनं दिली आहेत आणि चौथंही देणार आहे. पण त्या दिवशी राजुऱ्याच्या वाटेवर मला एकही घोषणा आठवली नाही. मागून मामांचा आवाज तेवढा येत होता, "चालू हाये. श्वास चालू हाये."

डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, शेतात काहीतरी पोटात गेलं असेल. का म्हटलं, मला आजही सांगता येत नाही. अज्ञानाविरुद्ध छापील परिच्छेद लिहिणाऱ्या मुलीला ते खरं वाक्य उच्चारता येईना. मामांनी बाटली टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच सांग. याच्यावर सुई ठरते."

"मी लावलं," मी म्हटलं. "सगळ्या अंगाला. गोचिडासाठी."

सुया, सलाईन, तीन दिवस. लाली वाचली.

पत्रक मी नव्याने लिहिलं. त्यातलं पहिलं वाक्य आहे, 'मी माझ्या कुत्रीला कपाशीचं औषध लावलं.' शेवटचा परिच्छेद आता नाही. बाजाराच्या दिवशी वाटताना दोघीतिघींनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं, आम्हीही लावतो जी. एकीने विचारलं, साबण कोणता?

लाली मात्र माझ्याकडे परत आली नाही. दवाखान्यातून आणल्यावर गाडीवरून उतरली ती मामांच्या ओसरीवर चढली आणि तिथेच राहिली. माझ्या हातात ओढणी दिसली तरी मागे सरकते. मी मामांना विचारलं, ती रागावली आहे का? मामा म्हणाले, "राग नाई. तिले तुझा हात आठवते." येईल का परत, असंही विचारलं. दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता. मामा म्हणाले, "मले नाई माहीत."

मी रोज सांजेला त्यांच्या पायरीवर जाऊन बसते. भाकरीचा तुकडा खाली ठेवते आणि हात काढून घेते. लाली आधी मामांकडे बघते. मामा दुसरीकडे बघत राहतात. मग ती येते, तुकडा उचलते आणि खायला आत घेऊन जाते.