तीन महिन्यांच्या राजाचं नाणं

उषाने पुंजारामला पहिल्यांदा पाहिलं ते सफाळ्याच्या एका लग्नात. पंगतीत बसून तो शेजाऱ्याला रोमन बादशहाचं नाणं दाखवत होता आणि पानातला भात गार होत होता. शेवटी वाढपी म्हणाला, “पावनं, राजा कवाच जेवून गेला. तुमी जेवा आता!”

उषाला हसू आवरलं नाही. पुढे तिचं त्याच्याशीच लग्न झालं.

बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करणारा हा माणूस घरी आला की हेड्रियन बादशहाच्या दाढीबद्दल आणि नीरोच्या जाड मानेबद्दल बोलत बसे. मग मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्याने पर्टिनॅक्सचं काशाचं नाणं घेतलं. हा राजा जेमतेम तीन महिने गादीवर होता. त्याच्याच शिपायांनी त्याला मारलं. म्हणून त्याची नाणी दुर्मीळ.

नाणं घरात आलं आणि पुंजारामचं स्वास्थ्य गेलं. जेवताजेवता उठायचा, नाणं खिडकीशी धरायचा, परत ठेवायचा.

“खरं असेल ना गं?”

“मला काय विचारता? मी काय त्याच्या दरबारात होते?”

दिवाळीनंतर ते जाणकाराला दाखवायचं ठरलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी उषाने माहेरच्या रीतीप्रमाणे पूजेची नाणी चिंचेने घासायला घेतली. यंदा यांचे राजेही पूजेला मांडू, खूश होतील, असं तिच्या मनात आलं. पहिला पर्टिनॅक्सच हाती लागला. हिरवा रंग बोटांवर उतरला, नाणं पिवळंधमक झालं, आणि तिला एकदम आठवलं: तो हिरवा थर म्हणजेच नाण्याचं वय, त्याला हात लावायचा नाही, असं तो बजावत असे.

पहिली पाळी संपवून तो दारात आला तेव्हा ती तशीच बसली होती.

“अहो, मी घात केला.”

त्याने नाणं उचललं. उजेडात कड फिरवून पाहिली. रंगाखाली झाकलेली बारीक शिवण कडेवरून सगळीकडे गेली होती.

“नकली आहे. साच्यात ओतलंय, खरी नाणी ठोकून पाडायचे. वरून रंग दिलेला. खरा थर असा बोटाला लागत नाही, उषा.”

“म्हणजे मी नाही बिघडवलं?”

“तू नाही.”

तिने श्वास सोडला. त्याची नजर मात्र डब्यातल्या बाकीच्या नाण्यांकडे गेली होती.

तो व्यापारी आता फोन उचलत नाही. पुंजारामने नवी नाणी घेणं थांबवलं आहे. सुट्टीच्या दिवशी तो असलेल्या नाण्यांच्या कडा तपासत बसतो.