तुम्ही बसा जरा

रुग्णालयाच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला चौकशीची खिडकी. तिच्यामागे चौकशीवाले काका सव्वीस वर्षं बसले. तेवढ्या काळात खुर्ची तीनदा बदलली, गुडघे तेच राहिले. प्रश्नही तेच. एक्स-रे कुठं काढतात, भेटायची वेळ कधी संपते. एका गृहस्थानं तर विचारलं होतं, "मोठे डॉक्टर स्वभावानं कसे आहेत हो?"

"रागीट आहेत. पण तुम्हाला भूल दिलेली असेल," काका म्हणाले होते.

पुढं पुढं अशी थट्टा करायचंही त्राण राहिलं नाही. संध्याकाळी घरी थोरली बहीण विचारायची, "आज काय विशेष?" काका नुसती मान हलवायचे. दिवसभर तोंडाची वाफ दवडलेल्या माणसाकडं घरच्यांसाठी काय उरणार? आई गेल्यावर या अक्कानंच त्यांना वाढवलं होतं आणि त्या नादात तिचं लग्न राहून गेलं ते गेलंच. ती पुन्हा विचारायची नाही. दुसऱ्या दिवशी मात्र हटकून विचारायची.

काका दोन महिन्यांत निवृत्त होणार, म्हणून खिडकीवर एक नवी मुलगी आली. तिला ते शिकवू लागले.

"माहिती वेगळी आणि बातमी वेगळी. मजला, वॉर्ड, खाट नंबर ही माहिती. ती आपण द्यायची. बातमी द्यायची नाही."

"आणि यादीत नावापुढं फुली असली तर?"

"तर म्हणायचं, तुम्ही बसा जरा, सिस्टर स्वतः खाली येतायत. जिवंत पेशंटकडं नातेवाईक वर जातात. सिस्टर खाली येते ती एकाच कामाला."

"लोकांना कळतं ते?"

"कुठलं! खाट नंबर सांगा, खाट नंबर सांगा, म्हणून मागं लागतात. जीव मेटाकुटीला येतो बघ. पण आवाज चढवायचा नाही."

ते वाक्य काकांनीच घडवलेलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही पुरतं नव्हतं.

पंधरवड्यानं अक्काला न्यूमोनिया झाला. काकांनी रजा टाकली आणि वरच्या अतिदक्षता विभागाबाहेर तीन दिवस बाकावर काढले. चौथ्या दिवशी ताप उतरला. दुपारी साध्या वॉर्डात हलवू, असं डॉक्टर म्हणाले. काका आत गेले तेव्हा अक्का कुरकुरली, "मला काही दिसत नाही. चष्मा आण माझा. आणि पड जरा घरी, डोळे बघ कसे झालेत तुझे."

काका घरी गेले. चष्मा सापडला, तो खिशात घातला आणि पाच मिनिटं म्हणून आडवे झाले. जाग आली तेव्हा तीन तास उलटले होते आणि फोन बंद पडलेला होता. स्वतःवर चरफडत ते निघाले. वाटेत त्यांना रागीट डॉक्टरांचा किस्सा आठवला. इतक्या वर्षांत आपण तो अक्काला सांगितलाच नाही, या विचारानं त्यांना लाज वाटली. आज सांगायचाच. खोकला येईपर्यंत हसेल.

अक्काला कुठल्या वॉर्डात हलवलं ते ठाऊक नव्हतं, म्हणून ते खिडकीपाशी गेले. पुढं चार माणसं होती. जन्मात पहिल्यांदाच ते या बाजूनं रांगेत उभे राहिले.

त्यांची पाळी आली तशी नव्या मुलीनं मान वर केली. काकांना पाहून तिचं बोट यादीवरच थांबलं.

"काका," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही बसा जरा. सिस्टर स्वतः खाली येतायत."

काकांनी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. मागचा माणूस चुळबुळ करत होता.

"बसतो की," ते म्हणाले. "पण खाट नंबर सांग ना. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही गं."